हिंदू कोड बिल आणि सभागृहाचे घड्याळ

संसदेत कायदा कसा होतो ते आम्ही वर्गात सांगतो : विधेयक मांडणे, प्रवर समिती, कलमवार चर्चा, मतदान, राष्ट्रपतींची संमती. कामकाजाचा क्रम कोण ठरवतो, हा प्रश्न मात्र परीक्षेत येत नाही. सरकारी विधेयकांचा क्रम सरकार ठरवते. हिंदू कोड बिल तिथेच अडले.

एप्रिल १९४८ मध्ये ते प्रवर समितीकडे गेले. बाबासाहेब समितीचे अध्यक्ष होते. नंतर तीन वर्षे ते तुकड्यातुकड्यांनी चर्चेला येत राहिले. सप्टेंबर १९५१ मध्ये कलमवार चर्चा झाली, तेव्हा हंगामी संसदेला एकच सभागृह होते. दुसऱ्याने अडवले म्हणायलाही जागा नाही. बहुमत काँग्रेसचे. पण व्हिप निघाला नाही, लांबलचक भाषणांना कुणी आवर घातला नाही. चार कलमे मंजूर झाली आणि वेळेची सबब पुढे करून विधेयक बाजूला ठेवले गेले. मुलीचा वारसा, घटस्फोट, एकपत्नीत्व यांविरुद्ध उघड हात वर करण्याची पाळी सनातन्यांवर आलीच नाही!

२७ सप्टेंबरला बाबासाहेबांनी राजीनामा दिला. पुढे निवेदन केव्हा करायचे, हेही उपाध्यक्षांनी ठरवले. बाबासाहेब सभागृहाबाहेर पडले.

१९५५-५६ मध्ये त्याच विधेयकाचे चार वेगळे कायदे झाले. बाबासाहेबांच्या मसुद्याने मोडीत काढलेली मिताक्षरा सहदायकी वारसा कायद्यात शिल्लक राहिली. तिच्यात मुलीला जन्मसिद्ध वाटा महाराष्ट्रात १९९४ मध्ये मिळाला, देशभर २००५ मध्ये.