चिखलातून धावणारी साखळी

मोटारसायकलची साखळी सैल झाली की ती ताणली गेली, असे आपण सहज म्हणतो. खरे पाहता पोलादाच्या पट्ट्या वापरताना फारशा ताणल्या जात नाहीत. साखळी लांबते ती सांध्यांच्या झिजेमुळे. एक सांधा केवळ 0.1 मि.मी. झिजला, तर 114 सांध्यांची साखळी 11 मि.मी.पेक्षा जास्त लांबते. मग तिच्या कड्या चक्राच्या दात्यांत नीट बसत नाहीत. दाते झिजू लागतात, आणि एखाद्या चढावर साखळी निसटते.

डांबरी रस्ता सोडून माळ, वाळू आणि चिखल यांतून जाणाऱ्या गाडीची साखळी निवडताना या झिजेचाच विचार करावा लागतो. माणसाने तिच्याशी दोन हात कसे केले हे पाहिले, तर निवडीचे नियम पाठ करण्याची गरज उरत नाही. ते आपले आपण काढता येतात.

सांध्यातली युक्ती

रहाटावर पोहऱ्यांची माळ फिरते ती पाणी वर आणण्यासाठी. एका चाकाची गती दुसऱ्या चाकाला देण्यासाठी साखळी वापरणे ही निराळी कल्पना. तीही जुनीच आहे. चीनमधील काइफेंग येथे 11 व्या शतकाच्या अखेरीस सू सोंग यांनी उभारलेल्या खगोलीय घड्याळाच्या मनोऱ्यात अशी साखळी होती. लिओनार्दो दा व्हिंचीच्या वह्यांतही बिजागरीच्या साखळ्यांची चित्रे आहेत. अडचण होती ती टिकाऊपणाची.

1864 साली इंग्लंडमधील जेम्स स्लेटर यांनी पिनेवर फिरणारा रोळ बसवलेल्या साखळीचे पेटंट घेतले. दात्याला रोळ लागत असल्यामुळे घासणे कमी झाले. पण आतल्या पट्ट्यांची भोके अजून थेट पिनेवरच फिरत होती. समजा, पट्टी 2 मि.मी. जाडीची आहे. तर दोन पट्ट्या मिळून साखळीची सारी ओढ पिनेच्या फक्त 4 मि.मी. लांबीवर येणार!

स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले हान्स रेनॉल्ड मँचेस्टरला स्थायिक झाले होते. 1879 साली त्यांनी स्लेटर यांचा कारखाना घेतला आणि 1880 साली एक साधी पण दूरगामी सुधारणा केली. आतल्या दोन पट्ट्यांमध्ये त्यांनी एक नळी, म्हणजे बुश, घट्ट बसवली. आता पिन बुशच्या संपूर्ण लांबीवर टेकू लागली. समजा ही लांबी 10 मि.मी. झाली. ओढ तेवढीच, पण क्षेत्रफळ अडीच पट. म्हणजे दाब 40 टक्क्यांवर आला. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे सूत्र आपण वर्गात शिकवतो. आजच्या मोटारसायकलच्या साखळीत तेच उभे आहे.

1885 साली जॉन केम्प स्टार्ली यांनी कॉव्हेंट्री येथे 'रोव्हर' सायकल तयार केली. तिचे मागचे चाक साखळीने फिरत होते. अशा सायकलींचा प्रसार होताच साखळीला मोठे गिऱ्हाईक मिळाले.

पट्टा की साखळी?

सुरुवातीच्या बऱ्याच मोटारसायकलींत मात्र मागचे चाक पट्ट्याने फिरे. पट्टा आवाज करत नसे आणि धक्के सोसत असे. पण तो घर्षणावर चालत होता. पाऊस लागला, चिखल उडाला की पट्टा घसरे. साखळीचे काम दात्यांवर चालते, त्यामुळे ती ओली झाली तरी घसरत नाही.

1911 साली आइल ऑफ मॅन बेटावरची शर्यत प्रथमच स्नेफेल डोंगराच्या लांब चढाने जाणाऱ्या मार्गावर झाली. मोठ्या गाड्यांच्या गटात पहिले तीनही क्रमांक अमेरिकेच्या 'इंडियन' गाड्यांनी पटकावले. या गाड्यांना साखळी होती आणि दोन गतींचा गिअरही होता. यश या जोडीचे होते, एकट्या साखळीचे नव्हे. तरीही पट्टा लगेच गेला नाही. पहिल्या महायुद्धात निरोप्यांनी वापरलेल्या 'ट्रायम्फ मॉडेल एच' या गाडीचे मागचे चाक पट्ट्यावरच चाले. त्याच युद्धात रॉयल फ्लाइंग कोअरला पुरवलेल्या 'पी अँड एम' गाड्यांना मात्र साखळ्या होत्या. पुढे पट्टा मागे पडला.

साखळी जिंकली, पण सांधे उघडेच राहिले. वाळूचा बारीक कण तेलात मिसळला की पिन आणि बुश यांच्यामध्ये कानशीच फिरू लागते. यावर उपाय रूढ झाला तो 1970 च्या दशकात. आतल्या आणि बाहेरच्या पट्ट्यांमध्ये रबराच्या बारीक कड्या बसवून ग्रीस सांध्यातच कोंडले गेले. यांना ओ-रिंग म्हणतात.

आता निवड

मग आडरानातल्या गाडीला ओ-रिंगची साखळीच घ्यावी का? दूरच्या फेरीसाठी, जिथे चिखल-पाणी आहे आणि रोज निगा राखणे शक्य नाही, तिथे तीच बरी. पण रबराच्या कड्या घासतात, थोडी शक्ती खातात आणि वजनही वाढवतात. म्हणून छोट्या शर्यतींतले कित्येक चालक उघडी साखळी लावतात, वारंवार धुऊन तेल देतात आणि लवकर बदलतात. एकाला टिकाऊपणा हवा, दुसऱ्याला हलकेपणा. ओ-रिंगच्या साखळीलाही वंगण लागतेच, कारण बुश आणि रोळ यांच्यामधली जागा बंद नसते. ती धुताना पेट्रोल किंवा तारेचा ब्रश वापरला, तर रबर खराब होते.

साखळीवरच्या आकड्यातही गणित आहे. '520' मधला 5 म्हणजे दोन पिनांतले अंतर पाच अष्टमांश इंच, म्हणजे 15.875 मि.मी.; 20 म्हणजे आतली रुंदी दोन अष्टमांश इंच. ही मापे चक्राशी जुळलीच पाहिजेत. पुढचे चक्र फार लहान घेऊ नये. साखळी त्यावर बहुभुजासारखी वळते, त्यामुळे गती कमीजास्त होते. 13 दात्यांच्या चक्रावर हा फरक सुमारे 2.9 टक्के असतो, तर 17 दात्यांच्या चक्रावर 1.7 टक्के. शिवाय लहान चक्रावर प्रत्येक सांधा अधिक कोनातून वळतो आणि अधिक झिजतो.

आडरानातल्या गाडीचे मागचे चाक 30 सें.मी.च्या आसपास वरखाली होऊ शकते. त्यामुळे दोन चक्रांच्या केंद्रांमधले अंतर बदलते. पुढचे चक्र, मागच्या दांडीची बिजागरी आणि मागचा आस एका रेषेत आले की ते सर्वांत जास्त होते. ढील त्या स्थितीसाठी ठेवावी लागते, नाहीतर साखळी तुटते किंवा बेअरिंग खराब होते. तीनचाकीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. होंडाने 1970 साली बाजारात आणलेल्या तीनचाकीत मागची दोन्ही चाके एकाच अखंड आसावर होती. अशी गाडी कठीण जमिनीवर वळवताना एका चाकाला घसरावेच लागते, आणि तो जास्तीचा ताण साखळीवर येतो. अशा गाडीची साखळी निवडताना केवळ इंजिनाची शक्ती पाहून भागत नाही.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. सायकलच्या साखळीत दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच, म्हणजे 12.7 मि.मी. असते. साखळी ताणून धरावी आणि 20 अंतरे मोजावीत. नवी साखळी 254 मि.मी. भरेल. माप 256 च्या जवळ आले, तर ती बदलायला हवी. विद्यार्थ्यांनी आपापल्या सायकलींची मापे फळ्यावर लिहावीत आणि मातीच्या रस्त्याने येणाऱ्या सायकलींची साखळी जास्त झिजते का, ते स्वतःच शोधावे.