अफूचे सत्त्व आणि अखेरची वेदना

माळव्यात पिकलेली अफू एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून चीनकडे जात असे. या व्यापारात ज्यांनी अमाप संपत्ती मिळविली, त्यांत सर जमशेटजी जीजीभाई हे एक होत; आणि त्यांच्याच देणगीने उभे राहिलेले रुग्णालय १८४५ साली मुंबईत सुरू झाले. एकाच द्रव्याने तिकडे व्यसनी वाढवावेत आणि इकडे रुग्णशय्या मांडाव्यात, हा योग विलक्षणच! गिरणगावातील कामकरी माता तान्ह्या मुलांस निजविण्यासाठी जी बाळगोळी देत, तीही अफूचीच.

जर्मन औषधविक्रेता सेर्टुर्नर याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अफूतून मॉर्फीन वेगळे काढले. त्यामुळे मात्रा मोजून देता येऊ लागली, आणि औषध व विष यांतील अंतर बहुतांशी मात्रेचेच असते.

औषधासाठी अफू पिकविणाऱ्या मोजक्या देशांत भारताची गणना होते. तथापि १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचा जाच गुन्हेगाराइतकाच रुग्णासही झाला. किमान दहा वर्षांची सक्तमजुरी, निरनिराळ्या खात्यांचे निरनिराळे परवाने. इतके संकट पत्करून मॉर्फीन ठेवणार कोण? पुढील बारा वर्षांत त्याचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. विशेष हे की, डॉ. लुइस डिसूझा यांनी वांद्र्यास स्थापिलेला शांती अवेदना आश्रम आणि जागतिक आरोग्य संघटनेची वेदनाशमनाची पायरीपद्धती, दोन्ही १९८६ सालची.

राजारामपुरीतील एखाद्या घरात कर्करोगाने खिळलेल्या वृद्धास हे औषध सुचविले, की मंडळींचा पहिला प्रश्न असतो : बाबांना व्यसन तर लागणार नाही? वेदनेच्या मानाने, देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फीनने तसे क्वचितच घडते. साधी गोळी तोंडाने, दर चार तासांनी, वेदना उसळण्याची वाट न पाहता द्यावयाची. आरंभ अल्प मात्रेने, वाढ हळूहळू. बद्धकोष्ठ होतोच, म्हणून रेचक पहिल्या दिवसापासून. मूत्रपिंडे दुर्बल असल्यास मात्रा कमी. ग्लानी वाढली किंवा श्वास मंदावला, तर पुढची गोळी न देता तत्काळ डॉक्टरांस कळवावयाचे. औषध एकाएकी बंद करावयाचे नाही, आणि गोळ्या कुलुपात.

२०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन अनेक परवान्यांचा फेरा सुटला. मान्यताप्राप्त संस्थेत मात्र प्रशिक्षित डॉक्टर असावा लागतो, आणि आलेल्या-गेलेल्या प्रत्येक गोळीचा हिशेब वहीत मांडावा लागतो.