दूरच्या दिव्याची तार

छायाचित्रणाच्या इतिहासांत भिंगांची आणि कॅमेऱ्यांची वाखाणणी पुष्कळ झाली आहे. प्रकाशाची कथा मात्र मागें पडली. कॅमेऱ्याशेजारून येणारा झोत चेहरा सपाट करितो, तर बाजूनें आलेला प्रकाश त्याला उठाव देतो. म्हणून दिवा दूर ठेवावयाचा, आणि तरीही शटर उघडेल त्याच क्षणीं तो पेटवावयाचा, हा छायाचित्रकारांपुढील जुना प्रश्न होय. एकदां निसटलेला क्षण पुन्हां हातीं लागत नाहीं, हीच त्यांतील खरी अडचण.

सन १८८७ मध्यें जर्मनींत आडॉल्फ मीटे व योहान्नेस गेडिके यांनीं मॅग्नेशियमची क्षणांत भडकणारी भुकटी सिद्ध केली. तिच्या उजेडांत न्यूयॉर्कचे पत्रकार जेकब रीस यांनीं गरीब वस्त्यांतील अंधाऱ्या खोल्यांचें दर्शन जगाला घडविलें. पण ह्या कामांत त्यांच्या हातून दोनदां घराला आग लागली, आणि एकदां तर ते स्वतःच पेटले! पुढें १९२९ च्या सुमारास जर्मनींतच ही ज्वाला कांचेच्या बल्बांत बंद झाली आणि विजेच्या तारेनें ती दूरवरून पेटवितां येऊं लागली.

तारेचें सामर्थ्य आणि तिची मर्यादा हीं दोन्ही अमेरिकेच्या ओ. विन्स्टन लिंक यांच्या कामांत दिसून येतात. नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेचीं वाफेचीं इंजिनें लवकरच नाहींशीं होणार हें ओळखून १९५५ पासून ते रात्रीं त्यांचीं छायाचित्रें घेऊं लागले. १९५६ च्या ऑगस्टांत वेस्ट व्हर्जिनियांतील येगर येथें, मोटारींत बसून चित्रपट पाहणारे लोक आणि त्यांच्यापलीकडून धांवणारी आगगाडी हें दृश्य त्यांनीं ४३ बल्ब एकदम पेटवून टिपलें. परंतु त्यांचे बल्ब एकाच मंडलांत जोडलेले असत. एक बिघडला कीं सर्वच अंधारांत राहत, आणि गाडी कांहीं कोणासाठीं मागें येत नसे.

तार टाळण्यासाठीं एका दिव्याच्या प्रकाशानें दुसरा पेटविणारे प्रकाशग्राही घट निघाले. पण प्रखर उन्हांत त्यांची दृष्टि मंदावे, भिंतीआडचें त्यांना दिसत नसे, आणि परक्याच्या दिव्यालाही ते ओ देत. १९९० नंतरच्या दशकांत 'पॉकेटविझार्ड' यासारखे खिशांत मावणारे रेडिओ ट्रिगर आले, आणि ह्या तिन्ही अडचणी बऱ्याच अंशीं दूर झाल्या. कॅमेऱ्यावरील प्रेषक संकेत धाडतो, दिव्याजवळील ग्राहक तो ओळखून दिवा पेटवितो. वाहिनी वेगळी ठेवली कीं शेजाऱ्याचा संकेत बाधत नाहीं. लहरींचा वेग सेकंदाला सुमारें ३ लाख किलोमीटर असल्यानें विलंब होतो तो वाटेंत नव्हे, तर यंत्रांत. पुष्कळ कॅमेऱ्यांचें शटर सेकंदाच्या सुमारें २५० व्या भागापर्यंतच पूर्ण उघडें सांपडतें; त्याहून वेग वाढविला कीं साध्या फ्लॅशनें चित्राचा एक पट्टा काळा राहतो.

आज आपल्या लग्नमंडपांतही खांबाआड ठेवलेला दिवा बिनतारी संकेतावर उजळतो आणि पाहुण्यांच्या पायांत तार येत नाहीं. ही सोय वापरतांना रीस यांनीं सोसलेली आंच आणि लिंक यांच्या तारांचीं भेंडोळीं ध्यानांत असावींत. दिवा पेटविण्याचें काम लहरींनीं उचललें आहे. तो कोणावर आणि कोठून पडावा, हा निर्णय त्यांच्याप्रमाणेंच आजही माणसालाच घ्यावा लागतो.