पुनरुक्तीची गणती

शेवगांवच्या बाजारांत बाजरीची रास आली म्हणजे तिच्यांतील दाणे कोणी मोजीत बसत नाहीं. एका दाण्याचें वजन ठाऊक असलें म्हणजे राशीच्या वजनावरून दाण्यांचा अजमास काढतां येतो. मनुष्याच्या गुणसूत्रांत पुनःपुन्हां येणाऱ्या एकाच मजकुराची गणती शास्त्रज्ञांनीं आरंभीं अशाच अनुमानानें केली.

1968 मध्यें रॉय ब्रिटन व डेव्हिड कोहन या अमेरिकन संशोधकांनीं ह्या अनुमानास पक्का आधार दिला. डीएनएचे दोन धागे उष्णतेनें विलग करून निवूं दिले, तर ज्या मजकुराच्या प्रती अधिक, त्याचे धागे लवकर जुळतात. या वेगावरून प्रतींची संख्या काढतां येते. हीच रीत पुढें पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत डॉ. प्रभाकर रांजेकर व त्यांचे सहकारी यांनीं नाचणीसारख्या आपल्या धान्यांस लावली.

मनुष्याच्या प्रत्येक गुणसूत्रास एक कंबर असते. तेथें सुमारें 171 अक्षरांचा, जवळजवळ सारखाच मजकूर हजारों वेळां ओळीनें येतो. पेशी दुभंगतांना गुणसूत्रें ओढून नेणारे तंतू याच जागीं येऊन धरतात. असें असून या पुनरुक्तीस 'कचरा' म्हणून बाजूस सारण्याचा प्रघात पुष्कळ दिवस होता. 2003 मध्यें मानवी जीनोमचें वाचन पूर्ण झाल्याचें जाहीर झालें, तेव्हांहि हा भाग बहुतेक कोराच होता. कारण सारख्या तुकड्यांतील कोणता कोठें जोडावा हेंच उमगत नव्हतें. लांबलचक तुकडे वाचणारीं यंत्रें आल्यावर 2022 मध्यें ही उणीव भरून निघाली. हा मजकूर एकंदर जीनोमच्या सुमारें 2.8 टक्के आढळला. सुमारें 305 कोटी अक्षरांच्या हिशेबानें त्याच्या प्रती पांच लाखांच्या घरांत जातात.

परंतु हा आंकडा सरसकट 'मनुष्याचा' म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. तो एकाच पेशीवंशाचा, आणि तोहि बहुतांशीं युरोपीय कुळाचा आहे. महतानी व विलार्ड यांनीं 1990 मध्येंच दाखविलें होतें कीं, एक्स गुणसूत्रावरील ही ओळ कोणाची सुमारें 14 लाख अक्षरांची, तर कोणाची 37 लाखांची असते. म्हणजे प्रतींची संख्या कुळाकुळांत भिन्न. नाचणीची गणती पुण्यांत झाली; मग ती पिकविणाऱ्या माणसांची गणती परक्यांच्या आंकड्यांवरून कां गृहीत धरावी?