ग्राफिक्स कार्डातील बिघाड
ग्राफिक्स कार्डातील बिघाड : संगणकाच्या पडद्यावर रंगीत पट्टे वा विस्कटलेली अक्षरे उमटणे, हे याचे परिचित लक्षण होय. पंखा, धूळ व जोडणी निर्दोष आढळल्यास संशय डाखाच्या सांध्यांवर येई. यूरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून विद्युत् उपकरणांतील शिशावर निर्बंध घातले, १८३° से.ला वितळणाऱ्या कथिल-शिसे डाखाऐवजी सु. २१७° से.ला वितळणारा कथिल-चांदी-तांबे डाख रूढ झाला. साहजिकच दोष नव्या डाखावर आला आणि बंद कार्डे घरगुती ओव्हनमध्ये तापविण्याची प्रथा पडली. काही कार्डे चालू होत, पण बहुधा थोडे दिवसच. जुलै २००८ मध्ये एनव्हिडिया कंपनीने लॅपटॉपमधील आपल्या काही चिपांच्या आवेष्टनातील द्रव्य दुर्बळ असल्याचे सांगून १५ ते २० कोटी डॉलरांची तरतूद जाहीर केली. निदान या चिपांपुरता तरी मूळ दोष चिपेच्या आवेष्टनातच होता; कार्ड तापविल्याने ते द्रव्य बदलत नाही.