स्मोल्नीच्या मुली

घरांतील लहानथोरांनीं एकत्र बसून पाहावी अशी एक मालिका रशियन दूरचित्रवाणीवर २०१० सालीं सुरू झाली. ‘कुलीन कन्यांची संस्था’ असें तिचें नांव. एकोणिसाव्या शतकांतील एका निवासी कन्याशाळेंतील मैत्री, रुसवेफुगवे आणि गुपितें हा तिचा विषय. झुळझुळीत पोषाख, नृत्याचे दिवाणखाने, करड्या नजरेच्या शिक्षिका हें सारें असल्या कथांत असावयाचेंच, व तें पाहावयास गोडही वाटतें. परंतु अशा रशियन संस्थांत जी मूळची, त्या सेंट पीटर्सबर्ग येथील स्मोल्नी संस्थेचा इतिहास चाळूं लागलें म्हणजे लक्ष पोषाखावर न राहतां एका दाराकडे जातें. तें दार एकदां लागलें कीं बारा वर्षें उघडत नसे.

सम्राज्ञी दुसरी कॅथेराइन हिनें १७६४ सालीं ही संस्था स्थापिली. नेव्हा नदीकांठच्या त्या जागीं पूर्वीं आरमारासाठीं डांबर तयार करीत. डांबरास रशियन भाषेंत ‘स्मोला’ म्हणतात, त्यावरून स्मोल्नी. नाजुक कुलकन्यांच्या शाळेस डांबराचें नांव मिळावें ही गंमतच! संस्थेची योजना इव्हान बेट्स्कोय या दरबारी गृहस्थाची. त्याचें म्हणणें असें कीं, जुन्या पिढीच्या अज्ञानाचा संसर्ग लागूं न देतां मुलें वाढविलीं, तर माणसांची एक नवीच जात निर्माण होईल. म्हणून सहा वर्षांची मुलगी आंत घ्यावयाची, ती अठरा वर्षांची होईतों बाहेर सोडावयाची नाहीं. आणि मध्यंतरीं तिला परत मागणार नाहीं, असें आईबापांनीं लिहून द्यावयाचें. भेट नेमल्या दिवशीं, तीही मुख्य बाईंच्या समक्ष.

दर तीन वर्षांनीं मुलीच्या पोषाखाचा रंग बदले: प्रथम तपकिरी, मग निळा, मग करडा आणि शेवटीं पांढरा. मध्यम वर्गांतील मुलींसाठीं १७६५ सालीं निराळी शाखा निघाली. तेथें गृहकृत्यांवर भर अधिक. कुलीन मुली नाटकें करीत. परंतु फ्रेंच नाटकांत प्रेमाचाच सुकाळ; तेव्हां मुलींना कोणतीं नाटकें द्यावीं, असा प्रश्न सम्राज्ञीनें पत्रानें व्हॉल्टेअरला विचारला आणि त्या विख्यात उपहासकारानेंही काटछांट करून देण्याची तयारी दाखविली!

चित्रकार लेव्हित्स्की यानें १७७२ ते १७७६ या काळांत स्मोल्नीच्या मुलींचीं सात चित्रें काढलीं. त्यांतील एकींत ग्लाफिरा आलिमोव्हा हार्प वाजवीत बसली आहे. तिनें पुढें लिहिलेल्या आठवणी वाचल्यावर मात्र बेट्स्कोयची योजना सर्वस्वीं क्रूर म्हणवत नाहीं. आईचें हें एकोणिसावें अपत्य, वडिलांच्या मृत्यूनंतर जन्मलेलें. दुःखानें खचलेल्या आईला तें नकोसें झालें होतें. अशा मुलीस स्मोल्नी हेंच माहेर वाटलें, यांत नवल कसलें? परंतु त्याच आठवणींत हेंही आहे कीं, सत्तरी ओलांडलेला बेट्स्कोय तिच्यावर इतका आसक्त झाला कीं तिच्या विवाहांत त्यानें विघ्नें आणलीं. आईबापांपासून मुलींना जपूं पाहणाऱ्या संस्थापकापासून मुलींना कोण जपणार, याची तरतूद योजनेंत नव्हती.

कॅथेराइनच्या मागून तिची सून मारिया फ्योदोरोव्हना हिनें कारभार पाहिला. बारा वर्षांचीं नऊ वर्षें झालीं. दार मात्र बंदच राहिलें. १८५० नंतरच्या काळांत तेथें शिकलेल्या येलिझावेता व्होदोव्होझोव्हा हिनें आंतलें चित्र रेखाटलें आहे: हाडें गोठविणारे शयनगृह, अंगावर पातळ पांघरूण, पोटांत भूक आणि तोंडीं सतत फ्रेंच. घरच्या मायेला अंतरलेल्या मुली मोठ्या मुलींपैकीं किंवा शिक्षकांपैकीं एखाद्याची ‘आराधना’ आरंभीत. तशी रीतच पडली होती. अशा मुली बाहेर पडल्या कीं व्यवहारांत गोंधळत. ‘इन्स्टिट्यूट्का’ हा शब्द रशियन भाषेंत भाबड्या, अव्यवहारी स्त्रीला टोमणा म्हणून रूढ झाला तो उगीच नव्हे.

१८५९ सालीं कॉन्स्टँटिन उशिन्स्की हा वर्गांचा निरीक्षक म्हणून आला. त्यानें मातृभाषेस मान दिला, सृष्टिविज्ञान शिकविलें, कुलीन व मध्यमवर्गीय यांच्या अभ्यासक्रमांतील भेद घालविला, शिक्षिका होऊं इच्छिणाऱ्यांसाठीं खास वर्ग काढला. या सर्वांहून साधी वाटणारी एक सुधारणा त्याच्या काळांत झाली: सुटींत व सणावारीं मुलींना घरीं जाण्याची मोकळीक मिळाली. बेट्स्कोयच्या मूळ कल्पनेवर घाव बसला तो येथें. वरिष्ठांना हा मनुष्य मानवला नाहीं. त्याच्या स्वतंत्र विचारांविषयीं तक्रारी गेल्या आणि १८६२ सालीं त्यास स्मोल्नी सोडावी लागली.

व्होदोव्होझोव्हाही त्याच वर्षीं शिक्षण संपवून बाहेर पडली. बालसंगोपनावर तिनें ग्रंथ लिहिले, आणि वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं, १९११ सालीं, आपल्या आठवणी छापल्या. १९१७ सालीं बोल्शेव्हिकांनीं स्मोल्नीच्या इमारतींत ठाणें दिलें, तेव्हां संस्था दक्षिणेस नोव्होचेर्कास्क येथें गेली होती. आज त्या इमारतींत शहराच्या गव्हर्नरची कचेरी आहे. आलिमोव्हा मात्र त्याच शहरांतील रशियन म्युझियममध्यें पांढऱ्या पोषाखांत हार्प वाजवीत बसलेली दिसते.