हायड्रॉक्सियुरिया : शरीरातील गती

रायपूर व भोवतालच्या छत्तीसगढी मुलखात, विशेषतः साहू, कुर्मी आणि गोंड समाजांत, सिकल सेल हा आनुवंशिक रक्तविकार इतका प्रचलित आहे की रायपुरात त्यासाठी राज्य शासनाची स्वतंत्र संस्थाच आहे. आणि त्यावरील प्रमुख औषध जे हायड्रॉक्सियुरिया, त्याची शरीरातील वाटचाल अभ्यासण्याजोगी आहे. १८६९ मध्ये जर्मनीत प्रथम सिद्ध झालेल्या या द्रव्याचा रेणू लहान व जलविद्राव्य असल्याने तोंडावाटे घेतलेली मात्रा आतड्यांतून जवळजवळ संपूर्ण शोषली जाते, एक ते चार तासांत रक्तातील तिचे प्रमाण कमाल होते आणि शरीरातील सर्व जलांशात ती पसरते. मस्तिष्क-मेरुद्रव व मातेचे दूधही त्यास अपवाद नाही. चयापचय अंशतः यकृतात होतो, थोडा आतड्यांतील जंतूंकडूनही. अर्धायुकाल दोन ते चार तासांचाच असला तरी गर्भकालीन हीमोग्लोबिन वाढण्याचा इष्ट परिणाम काही महिन्यांच्या नियमित सेवनानेच दिसतो, सबब औषध मध्येच सोडणे घातक होय.

खरी मेख उत्सर्जनात आहे. मात्रेचा मोठा हिस्सा मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतो, आणि ही व्याधी नेमकी मूत्रपिंडांनाच जर्जर करते. अशा रुग्णांत औषध साचून अस्थिमज्जेचे कार्य मंदावते, म्हणून मात्रा निम्मी करावी लागते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात बालरुग्णांना शरीरभाराच्या दर किलोग्रॅमास १० मिलिग्रॅम ही अल्प, स्थिर मात्राही गुणकारी आढळली. उपचार चालू असता रक्तपेशींची नियमित गणना अनिवार्य असते.